सोलापूरच्या उन्हाळ्यात पीव्हीसी फिगर : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

लग्नसराईचे पाहुणे परतल्यावर, मे महिन्याच्या अखेरीस कपाटावरची चादर काढली, तेव्हा बनी सूटमधील (सशाचे कान असलेल्या तंग पोशाखातील) माझी एक-चतुर्थांश आकाराची फिगर, म्हणजे खऱ्या माणसाच्या चौथाई मापाची प्लॅस्टिकची संग्राह्य मूर्ती, चक्क उजवीकडे झुकलेली दिसली. सगळा भार ज्या बारीक घोट्यावर आहे, तोच वाकला होता.

प्रौढ संग्राहकांसाठीच्या अशा फिगर मोजक्याच निघतात आणि प्री-ऑर्डर हुकली की भाव चढतात, म्हणून मी ती जपानमधील जुन्या मालाच्या विक्रेत्याकडून घेतली. तिथे फिगरला आणि खोक्याला वेगवेगळा दर्जा देतात. खोके ‘बी’, म्हणजे दुय्यम दर्जाचे असल्याने किंमत उतरली होती. ती बचत सीमाशुल्काने गिळली, कारण पार्सल खेळणी म्हणून नोंदले गेले आणि खेळण्यांवरील मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के व २०२३ मध्ये ७० टक्के झाले आहे.

आधी मला वाटले की विक्रेत्याने दोष लपवला, आणि तसे मी त्याला कळवलेही. नंतर ऑक्टोबरमधील माझेच फोटो कपाटाच्या उभ्या पट्टीशी ताडून पाहिले, तर फिगर सरळ होती. जुळे सोलापुरातील आमच्या घराची ती भिंत पश्चिमेची, दुपारी पारा ४२ अंशांच्या पुढे, आणि आत्या-मावशींच्या नजरेस पडू नये म्हणून काचेवर पंधरा दिवस जाड सोलापुरी चादर. उष्णतेने पीव्हीसी मऊ पडते आणि त्यातील प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक लवचीक ठेवणारा घटक) पृष्ठभागावर येतो. हवा खेळती नसेल तर तो तिथेच साचून चिकटपणा येतो. पिंढरीवर कापडी मोज्यांच्या जाळीचे चौकोन उमटले आहेत, ते त्यामुळेच. विक्रेत्याची मी माफी मागितली.

घोटा गरम पाण्यात दोन-तीन मिनिटे धरून सरळ केला आणि लगेच थंड पाण्यात बुडवला. तो बराचसा सावरला. कोमट पाणी आणि भांड्यांच्या सौम्य साबणाने चिकटपणाही गेला, जाळीचे ठसे मात्र राहिले. रंगकाम आजही अप्रतिम आहे; कॉलरच्या शिवणीची सावलीसुद्धा वेगळी रंगवली आहे. एवढे कसब ओतणाऱ्या उत्पादकाने घोट्यात धातूची सळई घालू नये, याचा राग मला अजून आहे.

आता फिगर पूर्वेच्या खोलीत, कमरेखाली ॲक्रिलिकचा आधार देऊन, काच बोटभर उघडी ठेवून उभी आहे. पुढची फिगर दोन्ही पाय टेकलेली किंवा बसलेली असेल तरच घेईन.