पहिला लूपर घेताना: एका बटणाचं पेडल, अनेक ट्रॅकचं यंत्र की लॅपटॉप?

एकट्याने कॉर्ड वाजवायचे, त्यावर बेस, त्यावर आलाप, असे थर चढवत गाणं उभं करायचं असेल तर लूपर लागतो: वाजवलेला तुकडा (लूप) रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा वाजवणारं साधन. त्याच्या तीन वाटा आहेत. जाहिराती सगळ्यात आधी रेकॉर्डिंगची मिनिटं सांगतात: याच्यात 5 मिनिटं, त्याच्यात 13 तास. तिकडे लक्ष देऊ नका. कामाचा लूप बहुतेक वेळा 5 ते 30 सेकंदांचा असतो. विचारायचं ते वेगळंच: लूप थांबवायचा कसा, आणि चढवलेले थर सुटे राहतात की एकमेकांत मिसळून जातात?

टीसी इलेक्ट्रॉनिकचं डिट्टो (5 मिनिटं) किंवा बॉसचं आरसी-1 (12 मिनिटं) हे सगळ्यात साधे. एक दाब, रेकॉर्डिंग सुरू. दुसरा दाब, रेकॉर्डिंग संपून लूप वाजायला लागतो. तिसऱ्या दाबाला वरचा थर. दाबून धरलं की शेवटचा थर जातो. इथवर तासाभरात पाय बसतो. खरी गोची थांबवण्यात आहे. थांबवायला दोनदा झटपट दाबावं लागतं आणि आवाज तुटतो तो दुसऱ्या दाबाला. म्हणजे समेवर थांबायचं तर पहिला दाब समेच्या किंचित आधी पडला पाहिजे. दोन दाबांत अंतर पडलं तर पेडल समजतं की तुम्हाला नवा थर हवाय, आणि निमूट रेकॉर्ड करत बसतं. आरसी-1 ला बाहेरून वेगळा फूटस्विच जोडता येतो आणि थांबवणं एका दाबात होतं. डिट्टोला ती सोय नाही, शिवाय त्यात बॅटरीही बसत नाही. मंचावर वाजवणार असाल तर आमचं मत सरळ आरसी-1 च्या बाजूने. घरी सरावाला डिट्टो पुरे, आणि ते पेडल ठेवायच्या बोर्डावर जागा फार कमी खातं.

या दोन्हींत लय धरून ठेवणारं घड्याळ नाही, म्हणून पायाची चूक लूपमध्ये कायमची बसते. समजा रूपक (7 मात्रांचा ताल), मिनिटाला 84 मात्रा. एक आवर्तन बरोबर 5 सेकंदांचं. लूपचं रेकॉर्डिंग संपवताना पाय 60 मिलिसेकंद उशिरा पडला तर लूप 5.06 सेकंदांचा झाला. एकट्याने वाजवताना समेपाशी हलकीशी लंगड जाणवेल, एवढंच. पण शेजारी तबलजी असेल आणि तो आपली लय धरून बसला असेल, तर 10 आवर्तनांत 0.6 सेकंदांचा फरक पडतो, म्हणजे जवळपास अख्खी मात्रा. उपाय दोन. लूप एकाऐवजी 4 आवर्तनांचा घ्या. तीच 60 मिलिसेकंदांची चूक 20 सेकंदांत एकदाच येते. आणि तबलजीच्या मॉनिटरमध्ये (त्याला ऐकायला ठेवलेल्या स्पीकरमध्ये) लूपचा आवाज मोठा ठेवा, म्हणजे तो लूपच्या मागे जाईल. लूपला त्याच्या मागे जाता येत नाही.

अनेक ट्रॅकची यंत्रं घेण्याचं एकच भक्कम कारण: थर सुटे राहतात. एका ट्रॅकवर बेस आणि कॉर्ड एकदा मिसळले की मधल्या ओळीसाठी फक्त बेस बंद करता येत नाही. बॉसच्या आरसी-500 मध्ये 2 ट्रॅक, आरसी-505 मध्ये 5, आरसी-600 मध्ये 6. ध्रुवपद आणि अंतऱ्याचे कॉर्ड वेगळे असतील तर 2 ट्रॅकमध्ये काम भागतं. आरसी-505 टेबलावर ठेवून हाताने चालवायचं आहे. गायक आणि बीटबॉक्सवाल्यांसाठी उत्तम, पण गिटारवाल्याचे हात आधीच गुंतलेले, त्याने त्या वाटेला जाऊ नये. आवाज किंवा बासरी माईकवर घेणार असाल तर एक्सएलआर इनपुट (माईकच्या तीन पिनांच्या वायरीचं) आहे का हे आधी बघा. साध्या पेडलचं इनपुट गिटारसाठी असतं. त्यात माईक थेट लावला तर आवाज बारीक येतो आणि वाढवला की खरखर वाढते. मध्ये माईकचा सिग्नल वाढवणारा प्रीअँप लागतो, म्हणजे खर्च आणि वायरी दोन्ही वाढल्या.

लॅपटॉपवर, म्हणजे एबलटन लाइव्हसारख्या सॉफ्टवेअरवर, पायाची चूक माफ होते. मात्रांचं मान (टाइम सिग्नेचर) 7/4 ठेवा, क्वांटायझेशन (दाब कुठेही पडला तरी तो ठरलेल्या जागी नेणारी सोय) एका बारवर ठेवा, की एक बार म्हणजे रूपकाचं एक आवर्तन. आवर्तनात कुठेही दाबा, रेकॉर्डिंग पुढच्या समेलाच सुरू होतं. झपतालाला 10/4. मात्र लय ठरलेली राहते आणि तुम्हाला क्लिकबरोबर वाजवावं लागतं. विलंबितातून हळूहळू चढत जाणाऱ्या गायकाला हे जाचतं.

दुसरी अडचण लेटन्सीची, म्हणजे वाजवल्यापासून ऐकू येईपर्यंतच्या उशिराची. 48 किलोहर्ट्झला बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) 128 सॅम्पल ठेवला तर एका बाजूचा उशीर साधारण 2.7 मिलिसेकंद, जाऊन-येऊन आणि कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारे) धरून एकूण 10 मिलिसेकंदांच्या आत राहिला तर गिटारला चालतो. गायकाला स्वतःचा आवाज हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे हेडफोनमध्ये तेवढा उशीरही खुपतो. त्यांनी इंटरफेसचं (माईक-गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीचं) डायरेक्ट मॉनिटरिंग वापरावं, म्हणजे आवाज लॅपटॉपमधून न जाता थेट ऐकू येतो. नवा थर दर वेळी जरासा मागे पडत असेल तर इंटरफेसचं आउटपुट वायरने त्याच्याच इनपुटला जोडा, क्लिक रेकॉर्ड करा, किती मिलिसेकंद सरकलं ते मोजा आणि त्यानुसार ड्रायव्हर एरर कॉम्पेन्सेशन (लाइव्हच्या सेटिंगमधली उशीर भरून काढणारी सोय) जुळवा. वर मिडी फूट कंट्रोलर (सॉफ्टवेअर पायाने चालवायचा बटणांचा पट्टा) वेगळा घ्यावा लागेल, हे बजेट करताना हमखास विसरलं जातं.

पेडल घेतलंत तर ते पेडलांच्या साखळीत शेवटी लावा, डिले आणि रिव्हर्ब (पडसाद आणि घुमारा देणाऱ्या) पेडलांच्याही नंतर. म्हणजे रेकॉर्ड झालेल्या थराचा टोन पुढे बदलत नाही. डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा परिणाम) अँपचंच वापरत असाल तर लूपर अँपच्या सेंड-रिटर्नमध्ये, म्हणजे डिस्टॉर्शननंतरच्या जोडणीत, टाका. नाहीतर लूप आणि चालू वादन दोन्ही एकत्र डिस्टॉर्शनमध्ये शिरतात आणि तिसऱ्या थरानंतर नुसता चिखल ऐकू येतो. पॉवर सप्लाय 9 व्होल्ट, मधला पिन निगेटिव्ह, आणि प्रत्येक पेडलला वेगळी आयसोलेटेड (इतरांपासून तोडलेली) लाइन. एकाच वायरवरून सगळ्यांना वीज दिली तर डिजिटल लूपरची शिट्टी स्पीकरमधून येण्याची शक्यता दाट.