थार घेताय? मॅन्युअल की ऑटोमॅटिक
डिझेल थार फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) दोन्ही गिअरबॉक्समध्ये चालवली, दोन्हीला ६ गिअर आणि लो रेंज (अवघड वाटेवर हळू पण जास्त ताकदीने चालायची सोय) मिळतं त्यामुळे ऑटो म्हणजे नुसती शहरातली गाडी हे डोक्यातून काढून टाका. दगडधोंड्यातून चढताना तर ऑटोच भारी राव, टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी तेलातून इंजिनची ताकद पुढे देणारा भाग) असल्यामुळे ब्रेक सोडला की गाडी आपली हळूहळू सरकते, क्लच जळायची भीती नाही, मध्येच बंद पडायचं टेन्शन नाही, सगळं लक्ष चाक कुठे टाकायचं यावर. पण तीव्र उतारावर मला मॅन्युअलच पाहिजे!! लो रेंज, पहिला गिअर, क्लचवरून पाय काढला की इंजिनच गाडी धरून ठेवतं. बॅटरी थोडी उतरली तर धक्का स्टार्टही होते, आडरानात हे लय महत्त्वाचं. रोज पुण्याचं ट्रॅफिक असेल तर मात्र ऑटो घ्या.