जाहिरातीतला नोंदणी क्रमांक खरा होता, पण आमच्या इमारतीचा नव्हता

२०१९ च्या मार्चअखेरीस, गुढीपाडवा आठवड्यावर आला असताना, आमच्याकडे येणाऱ्या दैनिकाच्या पहिल्या पानावर पानभर जाहिरात आली. कांजूरमार्ग आणि भांडुपच्या मधल्या एका प्रकल्पात वन बीएचके ‘७२ लाखांपासून’, स्टेशन पाच मिनिटांवर, ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही, आणि पाडव्याच्या दिवशी बुकिंग करणाऱ्यांना मुद्रांक शुल्क माफ. लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत सासूसासरे, आम्ही दोघे आणि दोन मुलगे असे सहाजण राहत होतो. त्यामुळे ते पान आमच्या घरात किती वेळा वाचले गेले असेल याची कल्पना वाचकांना येईल.

बाजार तेव्हा मंद होता. नोटाबंदीनंतर घरांची विक्री थंडावली होती आणि सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या मोठ्या वित्तसंस्थेची देणी थकल्यापासून वित्तसंस्थांनी बिल्डरांना कर्ज देताना हात आखडता घेतला होता. मंदी म्हणजे गिऱ्हाइकाचे दिवस, आता घासाघीस करून घर मिळेल, असा आमचा हिशेब होता. त्याच मंदीत बिल्डरला पैशाची निकड किती असते आणि त्या निकडीपोटी काय काय छापले जाते, हे आमच्या लक्षात आले नाही.

पाडव्याला साइटवर गेलो. ७२ लाखांची घरे त्याच सकाळी संपल्याचे सांगण्यात आले. आम्हाला ‘सी’ विंगमधला चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला, म्हणजे नकाशावर दाखवला. फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचा जादा दर), पार्किंग, क्लब हाउस, सोसायटीची आगाऊ देखभाल आणि जीएसटी धरून किंमत ९३ लाखांवर गेली, आणि जाहिरातीतले ६५० चौरस फूट कार्पेट एरियात, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेत, ४०५ भरले. तरीही आम्ही ५१ हजारांचा टोकन चेक दिला. बाहेर बुकिंगसाठी रांग होती, मुहूर्ताचा दिवस होता, आणि इतक्या वर्षांत प्रथमच स्वतःच्या स्वयंपाकघराची खिडकी कुठे असेल यावर मी बोलत होते. पंधरा दिवसांत आणखी पाच लाख भरले. त्यानंतर निरोप आला की मुद्रांक शुल्काची सवलत हवी असेल, तर करार होण्यापूर्वी एकूण २० टक्के भरावे लागतील.

इथे माझे दीर मध्ये पडले. ते त्यांच्या सोसायटीचे सचिव आहेत आणि कागद वाचायची त्यांना सवय आहे. “वहिनी, नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम त्यांना घेताच येत नाही, रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या कायद्याचे कलम १३ आहे,” असे सांगून त्यांनी जाहिरात मागितली. पेपर रद्दीत गेला असणार असे मी म्हणाले, पण सासूबाईंनी ते पान फडताळात डब्यांखाली अंथरले होते. तेलाचे डाग पडलेल्या त्या पानाच्या तळाशी, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरात, पी५१८ ने सुरू होणारा महारेराचा, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक होता. भाऊजींनी तो संकेतस्थळावर टाकला. क्रमांक खरा होता, प्रकल्प खरा होता, बिल्डरचे नावही तेच होते. परंतु त्या नोंदणीत ‘ए’ आणि ‘बी’ या दोनच विंग होत्या.

हे नीट समजून घ्यावे, कारण आमची सारी फसवणूक याच एका गोष्टीत आहे. प्रकल्प टप्प्याटप्प्याने होणार असेल, तर कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक टप्पा स्वतंत्र प्रकल्प असतो आणि त्याची नोंदणी वेगळी करावी लागते. नोंदणीपूर्वी त्याची जाहिरात करण्याला, बुकिंग घेण्याला कलम ३ ने मनाई आहे. आमच्या ‘सी’ विंगची नोंदणी झालेली नव्हती. ज्या घरासाठी आम्ही साडेपाच लाख रुपये दिले होते, ते शासनदरबारी अस्तित्वातच नव्हते, आणि शेजारच्या इमारतीचा क्रमांक त्याच्यावर पांघरूण म्हणून घातला होता.

बाकीची वचनेही मग एकेक करून तपासली. स्टेशन पाच मिनिटांवर होते, ते प्रस्तावित रस्ता झाल्यावर. आज चालत मला सत्तावीस मिनिटे लागली. ‘हप्ता नाही’ याचा अर्थ असा, की कर्ज आमच्याच नावावर निघणार, त्यातली मोठी रक्कम सुरुवातीलाच बिल्डरकडे जाणार आणि ताब्यापर्यंतचे व्याज तो भरणार. त्याने भरणे थांबवले तर वसुली आमच्याकडून. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच कर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांनुसार देण्यास बँकांना सांगितले होते, आणि आम्ही या भानगडीत असतानाच, जुलै २०१९ मध्ये, नॅशनल हाउसिंग बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजना टाळण्यास कळवले. ही योजना म्हणजे दुसऱ्याच्या भरवशावर आपल्या गळ्यात अडकवलेले कर्ज आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसे परत मागितले तेव्हा अर्जातील अट दाखवण्यात आली: रद्द केल्यास एकूण किमतीच्या दहा टक्के कपात. ९३ लाखांचे दहा टक्के म्हणजे आम्ही भरलेल्या रकमेहून जास्त. त्यानंतर आम्ही रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवले, त्यात कलम ३ आणि १३ सोबत कलम १२ चाही आधार घेतला. जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्याला नुकसानभरपाईचा, आणि प्रकल्पातून बाहेर पडायचे असल्यास व्याजासह परताव्याचा हक्क ते कलम देते. डागाळलेल्या पानाची रंगीत प्रत जोडली. उत्तर आले नाही, म्हणून महारेराकडे तक्रार केली आणि प्रकरण सलोखा मंचात, म्हणजे तडजोड घडवणाऱ्या मंचात, गेले. मध्ये टाळेबंदी आली.

१ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रातील जाहिरातींवर क्यूआर कोड छापणे बंधनकारक आहे. तो मोबाइलवर उघडावा, पण तेवढ्यावर समाधान मानू नये. उघडलेल्या पानावर इमारतींचा तक्ता असतो. आपल्याला सांगितलेली विंग आणि मजला त्यात आहे का, पूर्णत्वाची तारीख कोणती, प्रकल्पावर खटले आहेत का, हे चेक लिहिण्यापूर्वी पाहावे. विंग दिसत नसेल आणि ‘नोंदणी प्रक्रियेत आहे’ असे सांगितले गेले, तर नोंदणी होईपर्यंत एक रुपयाही देऊ नये. आणि ज्यांनी आधीच पैसे भरले आहेत त्यांनी जाहिरातीचे मूळ पान, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले दरपत्रक आणि विक्री प्रतिनिधीचे संदेश जपून ठेवावेत.

आमचे पाच लाख बुकिंगनंतर सतरा महिन्यांनी, व्याजाशिवाय परत आले. घरातली दोन्ही म्हातारी माणसे तेव्हा आजारी होती आणि आम्हाला आणखी थांबणे शक्य नव्हते, म्हणून तडजोडीवर सही केली. टोकनचे ५१ हजार ‘अर्ज शुल्क’ म्हणून कापून घेतले. पावतीवर तसे लिहिले होते आणि पाडव्याच्या दिवशी ती पावती मी वाचली नव्हती.