वार्निशखालची थ्री-नॉट-थ्री

विकणाऱ्याला मी पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलं की माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि इटलीच्या लढाईत त्यांच्या हातात थ्री-नॉट-थ्री होती. माझा भाव तिथेच ठरला असावा.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका गन शोमधली, म्हणजे बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनातली, ही गोष्ट. टेबलावर ली-एनफील्ड होती, म्हणजे तीच थ्री-नॉट-थ्री रायफल, क्रमांक १ मार्क ३ स्टार या नमुन्याची. खांद्याला टेकवायचा दस्ता जिथे बसतो त्या लोखंडी सॉकेटवर मुकुट, खाली जी.आर.आय. (राजा-सम्राट जॉर्जची आद्याक्षरं), मग ईशापूर आणि १९४२. म्हणजे बंगालमधल्या आपल्याच कारखान्यातली. भारतातून निघालेल्या अशा रायफली अमेरिकेत भरपूर आल्या, त्यामुळे ती तिथे दिसण्यात नवल नव्हतं. नवल होतं लाकडाचं. आरशासारखं चमकत होतं. ‘सगळं मूळचं आहे, मी फक्त पुसून घेतलंय,’ असं तो म्हणाला. मी साडेचारशे डॉलर मोजले. पावतीवर ‘आहे त्या स्थितीत, परत घेणार नाही’ असं बारीक अक्षरात होतं. ते घरी आल्यावर वाचलं.

साताऱ्याला अण्णांना फोटो पाठवले. त्यांचा लगेच फोन. “ऐंशी वर्षांची म्हणतोस, आणि अंगावर ओरखडा नाही? अरे, आपला तो जुन्या बाजारातला पलंग आठव.” किडीने पोखरलेल्या पायात भुसा आणि फेविकॉल भरून, वर लांबी आणि पॉलिश मारून तो पलंग आमच्या गळ्यात मारला होता. मी हसण्यावारी नेलं.

रेंजवर पहिल्या दहा गोळ्या बऱ्या गेल्या, मग भरकटायला लागल्या. विसाव्या गोळीनंतर नळीखालच्या लांब लाकडाच्या मागच्या टोकाला केसाएवढी रेघ दिसली. तिथल्या एका निवृत्त बंदूक-मिस्त्रीने रायफल मागून घेतली आणि नोजकॅपपासून, म्हणजे नळीच्या तोंडाजवळच्या धातूच्या टोपीपासून, एकेक भाग उतरवत नेला. त्या अर्ध्या तासात मला जे कळलं ते आधी कळलं असतं तर साडेचारशे डॉलर वाचले असते.

या रायफलीचं लाकूड दोन तुकड्यांचं असतं: पुढचं लांब लाकूड आणि मागचा दस्ता. दस्ता एका लांब बोल्टने सॉकेटला आवळलेला असतो. क्रमांक १ च्या रायफलीत त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि पुढच्या लाकडात बसवलेल्या एका पत्र्यात अडकतं, बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून. त्यामुळे पुढचं लाकूड आधी उतरवायचं आणि मगच बोल्टला हात लावायचा. उलट केलं तर चौकोनी टोक फिरताना पत्रा पिळतं आणि लाकूड उभं फाडतं. माझ्या रायफलीत तो पत्रा तिरका झाला होता, त्याच्या कोपऱ्यांशी लाकूड चेचलेलं होतं आणि चीर बरोबर तिथूनच निघाली होती. कोणीतरी दस्ता पॉलिशसाठी सुटा करताना हा उद्योग केला, आणि मग फट गोंदाने भरली.

एवढ्यावर भागलं नाही. गोळी सुटताना बसणारा धक्का पुढच्या लाकडातल्या दोन छोट्या खांद्यांवर येतो. वर्षानुवर्षं मुरलेल्या खनिज तेलाने ते खांदे काळे आणि मऊ पडले होते, नख रुतत होतं. ही झीज झाकायला थंडपेयाच्या डब्याच्या पत्र्याच्या पाचरी ठोकलेल्या! त्या सरकल्या तशा गोळ्या भरकटल्या.

विकणाऱ्याला फोन केला. ‘तूच चुकीचं उघडलं असणार’ हे उत्तर त्याच्याकडे तयार होतं. पण चिरेच्या आत वार्निशचा ओघळ उतरून वाळलेला होता. लाकूड तर मी घेतलं तेव्हाच वार्निशने चमकत होतं. मग चीर त्याच्या आधीची. हे फोटोसकट कळवलं. त्यानंतर फोन उचलणं बंद. पावती त्याच्या बाजूची होती, त्यामुळे पैसे बुडाले.

एक मात्र खरं, दुरुस्ती म्हणजे लबाडी नव्हे. ईशापूरच्या बऱ्याच रायफलींच्या पुढच्या लाकडातून मजबुतीसाठी आडवा स्क्रू घातलेला असतो, आणि पलटणीच्या कारागिरांनी बसवलेली लाकडी ठिगळं तर मला आता दागिन्यासारखी वाटतात. ती लपवलेली नसतात. म्हणून आता जुनं लाकूड हातात घेतलं की मी आधी दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या पितळी पत्र्याच्या, म्हणजे बटप्लेटच्या, कडेवर बोट फिरवतो. लाकूड धातूपेक्षा खाली गेलेलं असेल तर घासकाम झालंय, आणि घासताना जुने शिक्केही गेले असणार. या रायफलींना जवसाचं तेल पाजलेलं असायचं, काचेसारखी चमक त्याने येत नाही. संशयाच्या जागी मिनरल स्पिरिटचा (रंग पातळ करायच्या द्रावणाचा) बोळा फिरवतो: बाकीचं लाकूड वाळतं, चिरेत शिरलेलं मात्र ओलं राहून रेघ दाखवतं. लाकडावर बोटाने टकटक केली की भरलेल्या जागी आवाज बसका येतो. आणि विकणाऱ्याला सरळ विचारतो, पुढचं लाकूड उतरवून दाखवता का? तो ‘कशाला?’ म्हणाला की मी पुढच्या टेबलाकडे वळतो. आजोबांचा विषय काढत नाही.

रायफल सध्या गोळी झाडण्याच्या लायकीची नाही. वार्निश खरवडलं, गोंद काढला, पुढच्या लाकडाला खडूच्या भुकटीचा लेप देऊन उन्हात ठेवलंय. रोज संध्याकाळी पांढरी भुकटी तपकिरी होते, मी ती झटकून नवी लावतो. काल अकरावा दिवस होता. तेल अजून निघतंय. ते थांबलं की मिस्त्री अक्रोडाचे नवे खांदे बसवून देणार आहे, दोनशे डॉलरमध्ये.