रास्पबेरी पायला बझर: ॲक्टिव्ह की पॅसिव्ह?

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला आवाजासाठी जोडायचे बझर दोन प्रकारचे. दिसायला दोन्ही काळे, गोल. ३ व्होल्टला लावून बघा: ॲक्टिव्ह सलग कोकलतो, पॅसिव्ह नुसता 'टक्' करतो.

ॲक्टिव्हच्या पोटातच ऑसिलेटर, म्हणजे सूर तयार करणारं सर्किट असतं. त्यामुळे कोड दोन-तीन ओळींचा. जीपीआयओझीरो या पायथन लायब्ररीमधला 'बझर' क्लास घ्या, 'ऑन' म्हणा, झालं. पण आवाज एकसुरी.

पॅसिव्हला सूर आपण पुरवायचा. त्याच लायब्ररीतल्या 'टोनलबझर'ला ४४० हर्ट्झ सांगितलं की तो तेच वाजवतो, वारंवारता बदलत गेलं की चाल बसते. सॉफ्टवेअर पीडब्ल्यूएममुळे (कोडने पिन झटपट चालू-बंद करत राहिल्यामुळे) सूर जरा थरथरतो, हे मात्र कानाला जाणवतं.

वायरिंगमध्ये फारसा फरक नाही. जीपीआयओ पिन (पायवरची जोडणीची पिन) ३.३ व्होल्टची, तिच्यावर १६ मिलिअँपिअरच्या वर भार नको. बरेच बझर जास्त ओढतात. म्हणून मध्ये स्विचसारखा बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि त्याच्या बेसला (नियंत्रणाच्या पायाला) १ किलोओहमचा रेझिस्टर घालाच. इथे कंजुषी केली तर बोर्डच जायचा.

टाकी भरल्याचा इशारा हवा असेल, तर मी डोळे झाकून ॲक्टिव्हच घेईन.