परतीच्या पावसातला हवामान अंदाज: वार कळतो, शिवार नाही

हवामान विभागाचा जिल्हानिहाय पाच दिवसांचा अंदाज ऑक्टोबरच्या पावसाळी आठवड्यात कितपत उपयोगी पडतो? सोयाबीन कोणत्या वारी कापायचं हे ठरवायला चांगलाच. आपल्या शिवारात पडणार की शेजारच्या, हे मात्र त्याला विचारू नये.

नकाशावरच्या रंगापेक्षा खालची ओळ वाचावी. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे फार तर 25 टक्के पाऊसमापक केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे 26 ते 50 टक्के. परतीच्या पावसात बहुतेक वेळा हेच दोन शब्द असतात. दुपारी जमीन तापते, ढग उभे वाढतात आणि एखाद-दोन तासांत रिकामे होतात. एक गाव चिंब, पुढचं कोरडं. त्यामुळे पिवळा इशारा असूनही थेंब पडला नाही म्हणून अंदाज चुकला असं होत नाही. या दिवसांत पिवळा रंग पुष्कळदा विजा आणि ताशी 30-40 किलोमीटर वाऱ्यासाठी असतो, पावसाच्या मापासाठी नव्हे. ‘मुसळधार’ हा शब्द 64.5 मिलिमीटरच्या पुढेच लागतो.

‘मेघदूत’ या शेतकऱ्यांसाठीच्या हवामान ॲपमधला मिलिमीटरचा आकडा दिवसभराचा, मोठ्या भागाचा असतो. 12 मिलिमीटर दिवसभर भुरभुरत पडले तर शेंगा फक्त ओल्या होतात. तेच अर्ध्या तासात कोसळले तर उघडी सुडी (कापलेल्या पिकाचा ढीग) आतपर्यंत भिजते. झालेल्या पावसाची नोंद सकाळी साडेआठ ते साडेआठ अशी होते, म्हणजे काल संध्याकाळची सर आजच्या तारखेत मोजली जाते. पडताळा घेताना हे विसरलं की उगाच वाद होतात.

मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला हा या सेवेचा सर्वांत चांगला भाग. पण ‘काढणी केलेला माल सुरक्षित ठिकाणी ठेवावा’ हे वाक्य वर्षानुवर्षं तेच आहे; ज्याच्याकडे शेड नाही त्याने काय करावं, हेही यावं. सुडीखाली लाकडं टाकून ती जमिनीपासून उचलावी, ताडपत्री वाऱ्याच्या बाजूने आधी बांधावी, ऊन पडताच उघडावी. झाकलेल्या ओलीने दाणा तापतो आणि बुरशी धरतो.

गारवा कधी येणार हे पाहायचं तर कमाल तापमान बाजूला ठेवा. ढगांमुळे दुपारचं तापमान उतरतं, पण तेच ढग रात्रीची उष्णता अडवतात, म्हणून किमान तापमान चढंच राहतं. आकाश निरभ्र, हवेतली आर्द्रता घटतेय आणि किमान रोज थोडं खाली येतंय, असं तक्त्यात दिसलं की थंडी जवळ आली. नाशिककडच्या द्राक्षवाल्यांनी छाटणीनंतर ढगाळ हवा आणि सकाळची आर्द्रता एकत्र वाचावी. पान ओलं राहिलं की डावणी हा बुरशीचा रोग तिथेच शिरतो.

विजेसाठी मात्र पाच दिवसांचा अंदाज पुरत नाही. त्या दुपारी तीन तासांचा तातडीचा इशारा आणि विजा दाखवणारं ‘दामिनी’ ॲप उघडं हवं. ॲपवर वीज 20 किलोमीटरच्या आत दिसली तर खळं तसंच सोडून पक्क्या घरात जावं, झाडाखाली नाही.