फ्रीलान्स साइटवर नऊ महिने, आणि काम मिळालं डाळमिलवर

लातुरात बसून कॉपीरायटिंगची, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहायची कामं मिळवायची, म्हणून एका मोठ्या फ्रीलान्स साइटचं सदस्यत्व पैसे भरून घेतलं होतं. गेल्या महिन्यात ते बंद केलं. पाचपैकी दोन तारे देते.

तिथं प्रत्येक प्रस्तावाला पॉइंट लागतात आणि ते विकत घ्यावे लागतात. मी ६३ प्रस्ताव पाठवले. उत्तर चौघांचं आलं, काम दोघांचं झालं. त्यातून साइटचे २० टक्के गेले, डॉलरचे रुपये होताना आणखी थोडी गळती झाली. पॉइंटांचा खर्च वजा जाता नऊ महिन्यांत हातात उरले ४,२०० रुपये. मराठीचं तर विचारूच नका. 'मराठी कॉपी' म्हणून येणारं काम बहुतेक वेळा इंग्रजी जाहिरातीचं भाषांतर असतं, तेही शब्दाला ६० पैसे. एका खताच्या जाहिरातीत 'तुमच्या शेतीचा प्रवास आजच सुरू करा' हेच वाक्य हवं, असा हट्ट होता. आमच्याकडं शेतीचा प्रवास म्हणजे रात्री लाइट आली की उठून मोटार चालू करायला जाणं!

दोन तारे एकाच गोष्टीसाठी: क्लायंटचे पैसे आधी साइटकडं जमा होतात, मगच काम सुरू होतं. आगाऊ मागायची लाज तिथंच गेली.

खरं काम आलं ते मामांच्या आडतीवरून. त्यांच्या ओळखीचे एक डाळमिलवाले तूरडाळीचं एक किलोचं पाकीट काढणार होते. मी गेले. मालक म्हणाले, "ताई, दोन ओळीचे पैसे घेताव व्हय? आमचं पोरगं मोबाईलवर फुकटात काढून देतंय की." पोरानं एआयकडून काढलेला मजकूर त्यांनी दाखवला: 'अस्सल, पारंपरिक, शुद्ध'. वाचायला झकास होता. पण खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी एफएसएसएआय या सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे नियम आहेत, आणि नेमके हेच शब्द कधी वापरायचे याच्या अटी त्यात घातलेल्या आहेत. नियम मोबाईलवर उघडून दाखवले. मालकांनी तिथूनच छापखान्याला फोन लावून काम थांबवलं. मग पैशांवर घासाघीस झाली, पण 'फुकटात' हा शब्द पुन्हा निघाला नाही. एका पाकिटाची चार पाकिटं झाली आणि त्यांच्याच शब्दावर एका बचत गटाचं शेंगदाणा चटणीचं लेबलही मिळालं.

सगळीकडं असं गोड झालं नाही. डिसेंबरात एका कोचिंग क्लासची क्रॅश कोर्सची पत्रकं लिहिली. निम्मे आगाऊ मिळाले, उरलेल्यांसाठी "बघू की, कामून घाई करायलाव?" हेच ऐकत फेब्रुवारी संपला. तोवर 'उद्यम', म्हणजे लहान उद्योगाची नोंदणी केलेली होती म्हणून बरं. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक ठरवते त्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. पण क्लासला हलवलं ते आयकराच्या ४३बी(एच) कलमानं. मुदत उलटून गेलेलं बिल ३१ मार्चपर्यंत दिलं नाही, तर देणाऱ्याला त्या वर्षीच्या आयकरात ते खर्चात धरता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि हे एक वाक्य टाकून पुन्हा पाठवलं. दहा दिवसांत त्यांच्या सीएचाच फोन आला, खाते क्रमांक विचारायला. त्या क्लासचं पुढचं काम मात्र मला मिळालं नाही, हेही सांगायला हवं.

इंग्रजीत लिहिणारे आणि एखाद्या विषयात मुरलेले असाल, तर साइट तीन महिने वापरून बघा. मराठीत लिहिणाऱ्यांनी ते पैसे बसभाड्याला ठेवावेत. मी आता गंजगोलाईजवळच्या एका फ्लेक्स डिझायनरकडं आठवड्यातून एकदा चहाला जाते. त्याच्याकडं माणसं फोटो आणि लोगो घेऊन येतात, मजकूर कुणाकडंच नसतो. खरिपाच्या तोंडावर बियाणंवाले येतील, असं तो म्हणतोय.